आपिसनं कुणाच्या हातचं खाल्लं

पेरणीचा दुसरा महिना, चौथा दिवस

नवा परदेशी राजा मेम्फिसात आला! सीमेवरचा किल्ला आणि दोन गावं बेचिराख करून आला. त्याबद्दल देवळात कुणी चकार शब्द काढला नाही. चर्चा सगळी दाढीची. थोरले पुजारी पेतुबास्त दिवसभर धुमसत होते — "गावं जाळली ते ठीक, राजे जाळतातच. पण दाढी ठेवून गाभाऱ्यात? आणि वर ती विजार!"

पामी त्याच किल्ल्यावर होता. माझा धाकटा भाऊ. जिवंत आहे, कैदेत आहे, एवढंच कळलंय. आई अन्नाला शिवत नाही.

सहावा दिवस

तोडगा निघाला. राजा स्वतःच्या हातानं आपिसला चारणार. बैलदेवानं खाल्लं तर राजा देवाचा मुलगा, मग दाढीसुद्धा चालेल. तोंड फिरवलं तर संपलाच! ज्यांची पोरं कैदेत आहेत ते बापही म्हणतात, "बैल करेल तो न्याय."

बैल करेल! वासरू होता तेव्हापासून मीच सांभाळतोय त्याला. परवा माझा पंचा खाल्ला. त्यात कसला न्याय होता?

सातवा दिवस

वेन्नेफर आला. आपल्याच गल्लीतला, आता राजाचा दुभाषी. विजार घालायला लागलाय. बियरचा घडा पुढ्यात ठेवून म्हणाला, "आपिस खाईल ना रे?"

"देवाची इच्छा."

"मला शिकवू नकोस. खाल्लं तर पामी सुटला. राजाचा शब्द आहे."

तो गेल्यावर माझी बायको रेनपेत बाहेर आली. "अहो, पण राजा शब्द पाळेल कशावरून?" दुसरं आहे काय हातात!

आठवा दिवस

आपिसला वैरण टाकली नाही.

नववा दिवस

आजही नाही. सारखा हंबरतोय. तो माझ्याकडे बघतो, मी भिंतीकडे. पेतुबास्त खूश — "देव बोलतोय!" भूक बोलतेय, दुसरं काय.

दहावा दिवस

खाल्लं!! राजा तसा पोरसवदाच. आपिसनं जवाचा मधात मळलेला गोळा खाल्ला आणि मनगटापर्यंत हात चाटला. काय तो जल्लोष! पेतुबास्त तर राजाच्या पायाच पडले.

मी वेन्नेफरच्या कानात कुजबुजलो, "दोनच गोळे. पोट उपाशी आहे." तो म्हणाला, "देवाच्या मुलाला पुरे म्हणू?" राजानं हरखून आख्खी पाटी चारली. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर देव उपाशी का, हे सांगावं लागलं असतं.

अकरावा दिवस

डावी कूस टम्म फुगली. तेल पाजलं, चालवलं, पोट चोळलं. काही उपयोग झाला नाही. माझ्या मांडीवर मान टाकून गेला. धाय मोकलून रडलो. माझा आपिस!

पेतुबास्तनी विचारलं, "शेवटचं काय खाल्लं त्यानं?"

"राजानं दिलं ते." खोटं कुठे होतं?

तेरावा दिवस

शहरभर एकच ओरड — विष! राजा बिचारा त्याच्या देशाच्या रीतीनं सुतक पाळायला बसला, दाढी काढून. आणि आम्ही सुतकात दाढी वाढवतो! पेतुबास्त गालावरचे खुंट खाजवत म्हणाले, "बघितलंत? देव मेला आणि हा गुळगुळीत होऊन बसलाय. चांडाळ!"

जळलेल्या गावांची आठवण अजून कुणाला झालेली नाही.

सोळावा दिवस

पामी आला! राजाच्याच माणसांनी दारापर्यंत आणून सोडला. आईनं त्याला जेवू घातलं. दोन घास पोटात गेल्यावर त्यानं मला विचारलं, "दादा, राजानं आपिसला विष घातलं म्हणतात. खरं का?"

मी म्हटलं, "खरं."