चिठ्ठी चुकली की बोट

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायलाही माझी हरकत नाही. उलट जमिनीकडे तोंड करून पडून राहायचं म्हटलं तर हल्ली मला बरंच वाटतं.

तुझा गुडघा कसा आहे? लेकीकडचा जिना फार उभा आहे म्हणतात, कठडा धरून चढत जा. (कठडा हलत असेल तर जावयांना सांग. ते सांगितलेलं ऐकतात, आपल्या घराण्यातले नाहीत.) इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे ताप-खोकला कुणाला नाही. मुलगी शाळेत जाते. तुझी भाचेसून मला वेळेवर जेवायला वाढते, भाजीत मीठ बरोबर असतं, आणि ती माझ्याशी बोलत नाही. काही हवं-नको असेल तर मुलीला सांगते, "तुझ्या बाबांना विचार," आणि मी तिथंच हातभर अंतरावर बसलेला असतो.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तू लेकीकडे निघून गेलीस, त्यामुळे मतदानाच्या दिवशी शाळेतल्या त्या खोलीत काय झालं ते माझ्या तोंडून तुला कळलंच नाही. दुसऱ्यांच्या तोंडून कळलं असेल. वस्तीत ती गोष्ट सध्या निरनिराळ्या प्रकारांनी सांगतात आणि प्रत्येक प्रकारात मी गाढव असतो (एका प्रकारात विकलं गेलेलं गाढव). म्हटलं, गाढवाचीही काही बाजू असेल, ती त्यानं स्वतःच लिहावी.

तुला माहीतच आहे, निवडणूक कार्यालयानं मला वस्तीवस्तीत जाऊन लोकांना मतदान यंत्र दाखवायचं काम दिलं होतं. मी विज्ञान शिकवतो, म्हणून मला निवडलं असं मी सगळ्यांना सांगत होतो. (तिथला कारकून म्हणाला, आवाज मोठा आहे म्हणून निवडलं.) सरावाचं यंत्र कापडी पिशवीत घालून मी गल्लोगल्ली हिंडलो. लोकांना सांगायचो, बघा, हे एक यंत्र नाही, तीन डबे आहेत. एक अधिकाऱ्याच्या टेबलावर, दुसरा पुठ्ठ्याच्या आडोशामागे तुमच्यासाठी, आणि तिसरा काचेची खिडकी असलेला, चिठ्ठी दाखवणारा. अधिकारी आपलं बटण दाबत नाही तोवर तुमचा डबा झोपलेला असतो. एक मत घेतलं की पुन्हा झोपतो. (हे समजावताना मला नेहमी बाबा आठवायचे. हाक मारल्याशिवाय उठायचं नाही आणि एक काम केलं की परत आडवं व्हायचं.) त्यामुळे एका माणसानं दहादा बटण दाबलं तरी मत एकच. बाहेरच्या कुठल्या तारेशी त्याचा संबंध नाही, आतल्या बॅटरीवर चालतं. कुणी कुणाला मत दिलं हे त्या यंत्रालाही सांगता येत नाही, कारण ते आकडे ठेवतं, माणसं ठेवत नाही. दाबलेलं बटण मागे घेता येत नाही, हे तर मी असं छाती फुगवून सांगायचो जसं काही ती सोय मीच काढून टाकली होती.

सरावाच्या त्या यंत्रावर खोट्या निशाण्या होत्या: बादली, कुलूप, किटली. माझी सवय म्हणजे नेहमी तिसरं बटण दाबून दाखवायचं. किटली, लाल दिवा, लांब शिट्टीसारखा आवाज, काचेमागे किटलीची चिठ्ठी. महिनाभर माझ्या बोटानं किटलीशिवाय दुसरं काही केलं नाही.

आता खऱ्या यंत्रावर काय होतं? पहिल्या नंबरावर तो सायकल-दुकानवाला, ज्याला आपण उभे आहोत हे मधूनमधून आठवत नव्हतं. दुसरी तू, कात्री. (अर्ध्या वस्तीची नाळ तू कापलीस, म्हणून हट्टानं कात्रीच मागून घेतलीस, आणि अधिकारीही हसला होता.) आणि तिसरा ठेकेदार, निशाणी शिडी. बंद पडलेल्या दवाखान्याचं कुलूप तुला काढायचं होतं, आणि त्याला तो दवाखानाच काढून तिथं दुकानं बांधायची होती. म्हणजे निवडणूक तुमच्या दोघांचीच, आणि सगळे म्हणत होते, तूच येणार.

माझं मतदान केंद्र माझ्याच शाळेत, माझ्याच प्रयोगशाळेत होतं. रांगेत उभा राहिलो तर लोक मला नमस्कार करून पुढे जा म्हणत होते. 'मास्तर, तुम्ही तर डोळे झाकून दाबाल.' बोटाला शाई लागली, सही झाली, आडोशामागे गेलो. हात पुढे केला आणि बोट आपल्या सवयीनं सरळ तिसऱ्या बटणावर गेलं. शिडीपुढे लाल दिवा. लांब आवाज. काचेमागे शिडीची चिठ्ठी आली, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग कापली जाऊन खाली पेटीत पडली.

आत्या, मी तिथंच उभा राहिलो. त्या डब्यावर आणखी एखादं बटण असेल, पाठीमागे तरी असेल, म्हणून मी वाकून पाहिलं, हेही सांगून टाकतो.

बाहेर आलो तर केंद्राध्यक्षबाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. (त्या एरवी बँकेत कॅशियर असतात, आणि नोट उजेडात धरावी तसं माणसाकडे बघतात.) माझ्या तोंडून निघून गेलं की मी कात्री दाबली आणि शिडी निघाली. तुझी प्रतिनिधी म्हणून बसलेली शिवणवाली उभी राहिली. ठेकेदाराच्या माणसानं हातातला चहा बाकावर ठेवला. बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, नीट आठवून सांगा. चिठ्ठी चुकली की बोट?"

"चिठ्ठी," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. पुढचं सगळं त्या शब्दाच्या पोटातून निघालं.

अशा वेळी नियम असा आहे (तोही मीच गल्लोगल्ली सांगितला होता) की मतदाराकडून लेखी घ्यायचं, खोटं निघालं तर शिक्षा होईल अशी समज द्यायची, आणि मग सगळ्यांसमोर त्याला एक चाचणी मत द्यायला लावायचं. बाईंनी समज दिली. ती ऐकताना मी मान हलवत होतो, जणू मीच त्यांची परीक्षा घेत होतो. सही केली. मग सगळे माझ्याभोवती उभे राहिले आणि मी, घाम पुसून, दुसरं बटण दाबलं. कात्री. काचेमागे इतकी स्वच्छ, सुबक कात्री आली की तुझी शिवणवाली नकळत म्हणाली, "आली की." ठेकेदाराच्या माणसानं चहा पुन्हा उचलला. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. तेच जास्त लागलं.

पण खोलीतलं खोलीत मिटलं असतं तर मी आज कुणाला तोंड दाखवू शकलो असतो. दारात उभ्या असलेल्या रांगेनं पहिला अर्धा भाग ऐकला होता आणि दुसरा अर्धा ऐकायला थांबली नव्हती. फाटकापर्यंत गोष्ट गेली तेव्हा यंत्र बिघडलं होतं. पाणपोईपर्यंत गेली तेव्हा काहीही दाबलं तरी शिडीच निघत होती. आणि दवाखान्याच्या गल्लीत पोहोचली तेव्हा यंत्राला हात लावला की झटका बसत होता, आणि मास्तरांना बसला होता, म्हणून ते असे पांढरेफटक पडले. तुझ्या बायका, म्हणजे ज्यांची बाळंतपणं तू केलीस त्या, दुपारची कामं आवरून कडेवर पोरं घेऊन निघाल्या होत्या, त्या अर्ध्या वाटेतून वळल्या. म्हणाल्या, खुद्द शिकवणाराच म्हणतो यंत्र खोटं, तर आपण कशाला उन्हात जायचं.

मी धावलो. खरंच धावलो, चप्पल हातात घेऊन. गल्लीच्या तोंडाशी त्यांना गाठलं आणि ओरडून सांगितलं की यंत्र एकदम चांगलं आहे. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, मास्तरांना दम दिलेला दिसतो. मी जितकं जोरात म्हणू लागलो की मला कुणी दम दिलेला नाही, तितकी त्यांची खात्री पटत गेली. तेव्हा मला वाटलं, हे असं नाही, मुळापासून समजावलं पाहिजे. आणि आत्या, मी एका ओट्यावर चढून पहिल्यापासून सुरुवात केली. तीन डबे. आडोसा. बॅटरी. यंत्र झोपतं कसं, उठतं कसं. शंका विचारा म्हणालो, शंका आल्या, उत्तरं दिली. झटका का बसू शकत नाही यावर तर मी इतकं छान बोललो की दोघीतिघी पटून उठल्याही. त्या शाळेपर्यंत पोहोचल्या तेव्हा मतदानाची वेळ संपून शिपाई फाटकाला कडी घालत होता.

तू जितक्या मतांनी हरलीस, त्याहून जास्त बायका त्या ओट्यासमोर बसून माझं ऐकत होत्या.

मोजणीच्या दिवशी तू बाहेर आलीस तेव्हा मी खांबामागे होतो. तू बरोबर तिथंच आलीस. मला वाटलं, आता बोलशील, बरं होईल. तू म्हणालीस, "उन्हात किती फिरलास रे. घरी जा, पाणी पी." मी घरी गेलो आणि पाणी प्यालो, कारण तू सांगितलं होतंस.

असो. चूक बोटाची, पण बोट माझंच, तेव्हा क्षमा मागतो. दवाखान्याच्या कुलपाला अजून कुणी हात लावलेला नाही. ठेकेदाराची माणसं फीत घेऊन भिंती मोजून गेली, एवढंच. जावयांना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा मान खाली घातलेला
भाचा

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहायला घेतलं होतं. खोटं लिहून दिल्याबद्दल माझी चौकशी लागली आहे. साहेब भला माणूस दिसतो. म्हणाला, नजर अधू असल्यानं निशाणी चुकीची दिसली असं कुणी जाणत्यानं लिहून दिलं तर प्रकरण मिटेल. तू इतकी वर्षं नर्स होतीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. माझे डोळे लहानपणापासून कमजोर आहेत अशा चार ओळी लिहून पाठवशील का? (कमजोर नाहीत, पण तसं लिहायला त्रास पडणार नाही.) नोकरीचा प्रश्न आहे. जमल्यास उलट टपाली.

आणखी एक ता. क. वरचं रद्द समज. वाचून बघितलं आणि ज्या बाईला पाडलं तिच्याचकडे दाखला मागणारा माणूस कसा दिसतो ते बघायला आरशापर्यंत जाऊन आलो.

बोट चुकलं नव्हतं, आत्या. किटलीचं मी रचलं. ठेकेदार माझ्या प्रत्येक प्रात्यक्षिकाला यायचा, पहिल्या रांगेत बसायचा, शेवटपर्यंत ऐकायचा आणि उठताना म्हणायचा, तुमच्यासारखं समजावणारा मी पाहिला नाही. इतकी वर्षं शिकवतोय, मला हे कुणी म्हटलं नव्हतं. आणि तू दवाखान्याच्या पायरीवर, सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "बटण दाबायचं, एवढंच ना रे? मग इतकं बोलतोस कशाला?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्या हसण्यावर मी आठवडाभर कुढत होतो. आडोशामागे उभा राहिलो तेव्हा वाटलं, तू तर येणारच आहेस, एका मतानं काय होतंय, हे एक त्या माणसाला, ऐकून घेतल्याबद्दल. दाबलं, आणि काचेमागे शिडी दिसली तेव्हा मला असं वाटलं की सगळं जग ती बघतंय. कुणी बघत नव्हतं. कुणाला कधी कळू नये म्हणूनच तर ते यंत्र तसं बनवलंय. मी गुपचूप बाहेर पडलो असतो तर ते एक मत तिथंच मुरलं असतं आणि तू आज दवाखान्याचं कुलूप काढत असतीस. मला लाज वाटली, म्हणून मी खोटं बोललो, आणि त्यानं तुला पाडलं. चौकशीत हेच सांगणार आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

शेवटचं. तुझ्या भाचेसुनेनं हे सगळं वाचलं. आज पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. म्हणाली, "पाकीट इकडे द्या." याआधी लिहिलेली पत्रं मी टाकायला म्हणून नेली आणि कोपऱ्यावर फाडली, हे तिला ठाऊक आहे. ती चपला घालून दारात उभी आहे, हात पुढे केलेला आहे, आणि मी अजून पत्ता लिहितोय असं दाखवतोय.