गोठ्याला टेकलेलं घर

सुखदेवच्या बाबांस,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला एक ओळ लिहायची वेळ आली नाही. जाऊन जाऊन तुम्ही जाल कुठं? जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत, आणि दिवस मावळायच्या आत परत! तुमच्यामागं दुसरा पोळा गेला. आज मात्र लिहिल्यावाचून राहवेना. आपल्या घरानं मला थक्क केलं, आणि ते सांगायला तुमच्याशिवाय आहे कोण?

आपला सुखदेव गोठा पाडायला निघाला होता. दुष्काळात बैल गेले ते पुन्हा आले नाहीत, हे तुम्ही पाहिलंच. गोठ्याच्या दगडांत त्याला दोन खोल्या बांधायच्या होत्या, वर सिमेंटचा स्लॅब. मी म्हटलं, "राहू दे ना रे."

"कायले? ढोरं नाईत, मंग गोठ्यात काय उंदरं बांधू?"

बोलतो अगदी तुमच्यासारखा!

सकाळी लोखंडी सब्बल घेऊन त्यानं घर आणि गोठा यांच्या मधल्या भिंतीला हात घातला. मातीचा गिलावा धपाधप पडला आणि आतला काळा दगड उघडा झाला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा गोठ्याचा कोपरा बांधलेला. मध्ये सुरीचं पातं शिरणार नाही. पण आपल्या घराची भिंत? ती त्या कोपऱ्यात गुंतलेलीच नाही! नुसती येऊन टेकली आहे. वर पाहिलं, तर आपल्या छपराचं ओझं पेलणारे सागवानी सर थेट गोठ्याच्या भिंतीवर. त्या बाजूला घराला स्वतःची भिंतच नाही हो!

आपण म्हणायचो, घराला गोठा जोडलाय. सगळं उलटंच! आधी गोठा उभा राहिला, घर मागून त्याच्या आधाराला आलं.

"सुखदेव, सब्बल ठेव खाली."

"काहून?"

"वर पाह्य. हे भिंत पडली तं तुह्या डोक्यावर काय येईन?"

त्यानं सब्बल टाकून वर पाहिलं. "बाप्पा! आपण गोठ्याच्याच आसऱ्यानं राहून राह्यलो, आई!"

तेव्हा मला लग्नाचा दिवस आठवला. सासूबाईंनी मला गोठ्याच्या दारानं आत घेतलं होतं. माप तिथल्याच उंबऱ्यावर ठेवलेलं. मी पदराआडून फणकारले, "मी काय गाय हाव का?" तुम्ही हसलात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आपल्यात पयला उंबरा हाच." मी तो अपमान समजत आले. तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असून सांगितलं नसेल, तर आजही रागावेन मी!

दुपारी एकटीच गोठ्यात बसले. भिंतीतल्या हवेच्या फटी बाहेरून बोटभर, आतून परातीएवढ्या रुंद. वारा येतो, पावसाचा थेंब येत नाही. तुमच्या आज्या-पणज्यांनी आधी जनावरांची एवढी सोय केली आणि मग स्वतःवर छप्पर घातलं. तोवर ती माणसं कुठं झोपली असतील? बैलांच्या कुशीला?

संध्याकाळी सुखदेव आपणहून म्हणाला, "खोल्या मांगं वावराकडं काढू. दगड नाल्यातला आणतो."

तुम्हाला एक शब्द देते. उघड्या पडलेल्या त्या कोपऱ्यावर मी पुन्हा माती लिंपणार नाही. पुढं ज्याच्या हातात सब्बल येईल, त्याला आधी तो दिसू दे.

तुमचीच,
सुखदेवची आई