बाजारातलं तेल

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील. मीही ठीक आहे. प्रयोगशाळेत नवीन मोठ्या बाई आल्यात, भलत्याच कडक. टेबलावर चहाचा कप दिसला तरी चालत नाही. पाल्याचं तेल काढायचं काम चालूच आहे. पोतंभर पाला वाफेवर धरला की कुठे बोटभर तेल हाती लागतं.

उंदरांवरच्या चाचण्यांचा निकाल आला. काचेच्या बशीत ज्या तेलाने वाळूमाशीच्या रोगाचे परजीवी एका दिवसात मेले, त्याने उंदरांच्या जखमा भरल्या नाहीत. इंजेक्शनच्या औषधाबरोबर दिलं तर थोडा गुण येतो, नुसत्या तेलाने नाही. बशीत मारणं वेगळं आणि अंगात मारणं वेगळं, हे मला दोन वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

भावोजींचा आवाज कसा आहे? वर्गात मुलं अजून नक्कल करतात का?

ताई, हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले.

वाळूमाशी चावून त्यांच्या गालावर ती जखम झाली, तेव्हा तू लेकीच्या बाळंतपणाला गेली होतीस. इंजेक्शनांनी त्यांना मळमळायचं, सांधे धरायचे. निम्मी टोचून झाली होती, निम्मी राहिली होती. एका दुपारी ते प्रयोगशाळेत आले. मी नुकतेच सूक्ष्मदर्शकाखाली मेलेले परजीवी पाहिले होते, आनंद पोटात मावत नव्हता. त्यांनाही दाखवले.

"मग मी या सुया कशाला टोचून घेतोय?" त्यांनी विचारलं.

इंजेक्शनं सोडू नका, एवढंच म्हणायला हवं होतं. मी हसले, आणि एक छोटी बाटली भरून त्यांच्या हातात दिली.

इंजेक्शनं सोडून सहा आठवडे त्यांनी तेल लावलं. जखम वरून सुकली. बघा, मी म्हटलं नव्हतं का, असं मीच मिरवलं. वर्षभरात रोग नाकात उतरला, आतला पडदा गेला, आवाज गेंगाणा झाला.

इंजेक्शनं का सोडली म्हणून तू त्यांना खडसावलंस तेव्हा मी शेजारीच उभी होते. "तेल बाजारातून आणलं, कुणीतरी सांगितलं म्हणून," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मूग गिळून बसले. नंतर जिन्यात गाठलं तर म्हणाले, "तुझी नोकरी जाईल. आणि तुम्हा बहिणींत माझ्यापायी वितुष्ट नको."

इंजेक्शनं पुरी झाली असती तर नाक वाचलंच असतं, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. वर्षभर मी त्या एका वाक्याआड लपले. काल मोठ्या बाईंना सगळं लेखी दिलं. व्हायचं ते होईल.

माफी कोणत्या तोंडाने मागू? पण आजपासून त्यांना हेकट म्हणू नकोस. काय बोलायचं ते मला बोल, पत्रातून बोल, पण गप्प राहू नकोस.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
धाकटी