चौसष्ट नंबरचा बिल्ला

३ नोव्हेंबर

माझं सगळं बदललं ते आज सकाळी सव्वानऊला. धक्का आणि जहाज यांच्यामधली फळी मागे ओढली गेली आणि मी फळीच्या जहाजाकडच्या बाजूला होतो. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, म्हणजे प्रयोगशाळेच्या सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो, तेव्हापासून वडिलांच्या लेखी मी वाया गेलेला. आता हा वाया गेलेला पोरगा विनाशिकेवर आहे. एकशे साठ मीटर लांबी, चार टर्बाइन, पुढे तोफ, मधे क्षेपणास्त्रांची झाकणं, मागे हेलिकॉप्टर उतरायची जागा. म्हातारी आहे. बत्तीस वर्षं सेवेत, ही तिची शेवटची फेरी. पण टर्बाइन सुरू झालं तेव्हा मी कठड्याला कान लावला.

जिच्याशी मला लग्न करायचंय, ती धक्क्यावर आली होती. तिच्या घरी एक स्थळ जमत आलंय. तीस तारखेला आम्ही परत लागणार, तोपर्यंत तिने ताणून धरलंय. मला म्हणाली, "तीसला इथेच उभी असेन. उतरलास तर तुझ्या घरी, नाही दिसलास तर त्यांच्या."

उतरणार नाही म्हणजे काय, उडी मारेन.

६ नोव्हेंबर

इंजिन विभागात आम्ही अडतीस जण. मुख्य फिटरकाका आहेत, निवृत्तीला आलेले, बोलणं मोजकं, नजर मात्र पान्यासारखी, धरली की सोडत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव ‘कॉलेज’ ठेवलं. माझ्या वरच्या फळीवर झोपतो तो डुलक्या. जेवता जेवता झोपतो, पण आवाजावरून पंप ओळखतो.

इथली एक पद्धत आहे. प्रत्येकाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला. माझा एकशे सतरा. पाण्याच्या पातळीखालच्या कुठल्याही खोलीत शिरायचं तर आधी दाराबाहेरच्या खुंटीवर आपला बिल्ला टांगायचा. बाहेर आलं की काढून घ्यायचा, पाळी संपली की वरच्या फळ्यावर लावायचा. पाणी शिरलं आणि दार बंद करायची वेळ आली तर आधी खुंटी बघायची. बिल्ला असेल तर आत माणूस आहे. मग तीनदा ठोकायचं, वीसपर्यंत मोजायचं, आणि मगच बंद. आणखी एक: ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

सगळ्यात मागे, सगळ्यात खाली शाफ्टची खोली. जहाज ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत जाणारा तो जाडजूड दांडा तिथे फिरत असतो. तिच्या दाराला आठ खिट्ट्या. खुंटीवर एक बिल्ला कायमचा, हिरवा पडलेला. चौसष्ट. मी विचारलं तेव्हा फिटरकाकांनी कामाला लागायला सांगितलं. डुलक्याकडून कळलं. अकरा वर्षांपूर्वी त्या खोलीत पाणी शिरलं, दार बंद झालं, एक जण आत राहिला. नंतर त्याचा मृतदेह बाहेर काढला, घरी पोचवला, सगळं रीतसर. पण बिल्ला काढणार कोण? ज्याचा त्यानेच काढायचा.

दर पाळीला शाफ्टच्या बेअरिंगचं तापमान बघायला मीच जातो. आत गरम, तेलाचा वास, कानात घरघर. मला काही वाटत नाही. मी धक्क्यावरच्या तिच्याविषयी विचार करतो.

११ नोव्हेंबर

बारा दिवस सगळे ट्रान्समीटर बंद. सराव आहे, शत्रूला आपला ठावठिकाणा लागू द्यायचा नाही. म्हणजे तिचा निरोप नाही, माझा नाही. डोकं भडकलेलं होतं, त्यात आज सकाळी शाफ्टच्या खोलीतून बाहेर येताना बिल्ला खुंटीवरच विसरलो. मी वर चहा पीत होतो आणि खाली शाफ्ट थांबवून चाळीस मिनिटं मला शोधत होते. फिटरकाकांनी सगळ्यांसमोर सोलून काढलं. चहाच्या कपाला पण बिल्ला लावू का, असं विचारलं. सगळे हसले. डुलक्यासुद्धा, जागा राहून.

मग मला राहवलं नाही. दुपारी खाली गेलो, तो चौसष्ट नंबर खुंटीवरून ओढून काढला, कापडाने घासला, आणि वरच्या फळ्यावर सगळ्यांच्या बिल्ल्यांच्या रांगेत टांगला. काकांना सांगितलं, तुमचा आत राहिलेला माणूस बाहेर काढलाय, आता मोजा.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, दार उघडं होतं का. म्हटलं हो, उघडंच होतं. ते खाली बसले.

१२ नोव्हेंबर

सकाळची हजेरी. नावं अडतीस वाचली, अडतीस ‘हजर’ आले. मग डोकी मोजली. एकोणचाळीस. परत मोजली. एकोणचाळीस. काकांनी मला मोजायला लावलं. मी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत गेलो, सगळे ओळखीचे. शेवटचा खांदा डुलक्याचा.

एकोणचाळीस.

१५ नोव्हेंबर

तापमानाच्या वहीत माझ्या आधीच कोणीतरी नोंदी केल्यात. आकडे बरोबर. अक्षर सुबक, जुन्या वळणाचं. शाई पसरलेली, जणू ओल्या हाताने लिहिलंय. सहीच्या जागी नंबर. चौसष्ट.

चेष्टा असेल म्हणून डुलक्याची कॉलर धरली. तो रडायला लागला. मला त्याची कॉलर सोडताना लाज वाटली.

१८ नोव्हेंबर

माझा बिल्ला खिशात नव्हता. शाफ्टच्या खुंटीवर होता. मी आज खाली गेलोच नव्हतो.

काढून गळ्यात बांधला. दुपारी परत खुंटीवर. गळ्यातली दोरी तशीच, गाठसुद्धा तशीच.

२३ नोव्हेंबर

ट्रान्समीटर सुरू. तिचा निरोप आला. एकच ओळ, तीसला सकाळपासून येतेय. चार वेळा वाचला.

आणि त्याच तासाला कारकुनाने उतरणाऱ्यांची यादी लावली. ही यादी फळ्यावरच्या बिल्ल्यांवरून करतात. अडतीस नंबर. चौसष्ट आहे. एकशे सतरा नाही.

कारकुनाशी भांडलो. त्याला काही चूक दिसेना. बेरीज जुळतेय म्हणाला. मी समोर उभा आहे म्हटलं, तर माझ्या मागे बघून त्याने विचारलं, पुढचा कोण.

२६ नोव्हेंबर

फिटरकाकांनी आज सांगितलं. दार त्यांनीच बंद केलं होतं. बिल्ला दिसत होता. तीनदा ठोकलं, मोजायला लागले. पाणी गुडघ्याला आलं. मग आतून तीन टकटक ऐकू आल्या —

"चौदावर बंद केलं मी," म्हणाले. "वीस मोजले नाहीत."

खुंटीवर बिल्ला असेपर्यंत तो आत होता, कामावर. मी त्याला बाहेर आणलं. आता त्या खुंटीला कोणीतरी लागतंय.

२८ नोव्हेंबर

आज वहीत एकशे सतरा. अक्षर माझं. मी लिहिलेलं नाही.

डुलक्या माझ्या फळीवरच्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलतो. हसतो.

२९ नोव्हेंबर, सकाळ

काकांनी उपाय काढलाय. काढला मी, तर लावायचा मीच. आत जायचं, चौसष्टला नंबरने हाक मारायची, कामावर बोलवायचं. बाहेर यायचं, दार लावायचं, माझा बिल्ला काढून त्याचा खुंटीवर. काका दाराबाहेर थांबणार. मोजणार. या वेळी पूर्ण वीस, म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना मी दिसतो, अजून.

ही वही बरोबर घेतोय. उद्या तिला द्यायचीय.

२९, नंतर

आत गेलो. हाक मारली. घरघर थांबली — शाफ्ट फिरत होता, आवाज नव्हता. माझ्या शेजारून कोणीतरी गेलं. ओला गारवा. आत की बाहेर, कळलं नाही —

दाराकडे पळालो. उंबरठा ओलांडला. बाहेर आलो. दार ओढून लावलं. आठही खिट्ट्या. मीच लावल्या.

काका नाहीत इथे.

चौसष्टचा बिल्ला टांगायला हात वर केला. भिंत गुळगुळीत. या बाजूला खुंटी नाही —

बुटात पाणी.

पलीकडून ठोकलं कोणीतरी. तीनदा. आता काका मोजत असतील. मी पण ठोकतोय, वहीच्या पुठ्ठ्याने, मुठीने. वीस म्हणाले होते. दहा. अकरा. ती धक्क्यावर — बारा. तेरा. चौ