सरासरी बाईचं कपाळ

४ मार्च, सोमवार

प्लॅस्टिकची फुलं, त्यांच्यावर खरी धूळ. सर्जनच्या वेटिंग रूममध्ये एक जाडजूड अल्बम ठेवलाय. ऑपरेशनच्या आधीचे चेहरे डावीकडे, नंतरचे उजवीकडे. डावीकडे कुणीच हसत नाही. उजवीकडे सगळ्यांचे दात दिसतात. ऑपरेशन कपाळाचं होतं की दातांचं!

शिवाय डावीकडे उजेड वरून, उजवीकडे समोरून. वरून उजेड पडला की भुवयांच्या हाडाची सावली डोळ्यांत उतरते. समोरून टाकला की हाड गायब. एका दिव्याचं काम. असा फोटो मी अहवालाला जोडला असता तर आमच्या साहेबांनी फाईल परत फेकली असती.

मग समन्वयक बाई आली. गोड. "आपण कपाळ थोडं मागे घेऊ, भुवया जराशा वर, हनुवटी किंचित निमुळती करू." आपण! हिचंही कपाळ घेणार आहेत का मागे?

सर्जन आला, खुर्चीत बसलासुद्धा नाही. पडद्यावर माझ्या चेहऱ्याचा स्कॅन, 'सरासरी बाई'च्या चेहऱ्यावर ठेवून रंगवलेला. जिथे मी जास्त तिथे लाल, जिथे कमी तिथे निळं. भुवयांवर लाल पट्टा, थेट केसांपर्यंत. "बघा, चित्रच बोलतंय," म्हणाला.

"ही सरासरी बाई कुणाकुणाची मिळून झाली?"

"ती सॉफ्टवेअरमध्येच असते."

"आणि माझा चेहरा तिच्यावर टेकवलाय कुठे? हनुवटीवर? कानांवर?"

"ते सॉफ्टवेअर करतं, मॅडम."

मी दिवसभर हेच तर करते. ओतकाम करून आलेल्या लोखंडी भागाचा स्कॅन घ्यायचा, मूळ आराखड्यावर ठेवायचा, कुठे जास्त कुठे कमी ते सांगायचं. हनुवटीशी जुळवलं तर कपाळ पुढे येतं, कपाळाशी जुळवलं तर हनुवटी मागे जाते. भाग तोच, रंग वेगळे. कुठे टेकवलं हे न सांगता रंग दाखवणाऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत चहासुद्धा विचारत नाहीत. इथे त्याच्या हातात करवत दिली आहे.

तारीख त्यांनी धरून ठेवली आहे. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

५ मार्च

कंपनीच्या फाटकावरचा चौकीदार. मी बॅगेत ओळखपत्र शोधत होते, मान खाली. "या मॅडम." मान वर केली — "सर... म्हणजे मॅडम..."

हॉर्मोन्स चालू आहेत, आवाजावर काम झालं, केस खांद्याखाली आले, कागदपत्रं बदलली. मान खाली असेपर्यंत सगळं चालतं. या माणसावर रागावणं म्हणजे वजनकाट्यावर रागावणं. स्वस्तातला काटा आहे, पण दर वेळी तोच आकडा दाखवतो.

७ मार्च

साहेबांकडे रजेचं विचारलं. लांब रजा, म्हणून कारण सांगावं लागलं. ते खुर्चीत मागे रेलले, चेहऱ्यावर एकदम तत्त्वज्ञान आलं. "निसर्गानं दिलेलं ते सुंदरच असतं. तू आहेस तशी छान आहेस."

केसांना कलप, तोंडात कवळी. निसर्ग!

'आहेस तशी छान आहेस' म्हणणाऱ्यांची एक वेगळी रांग लावायला हवी. त्यांना काही करावं लागत नाही. वाक्य म्हणायचं, पुण्य घ्यायचं, जेवायला निघायचं. त्यांच्यापेक्षा हेच ऑपरेशन करून इंटरनेटवर लिहिणाऱ्या बायका परवडल्या — "कर गं, आयुष्य बदलतं" — त्या निदान स्वतःच्या हाडांनिशी बोलतात. पण त्यांचंही तेच. ज्यांचं बिघडलं त्या लिहायला येत नाहीत. म्हणजे नमुनाच निवडक.

मला विचारलं तर एकाचंही मत धड मोजमापावर उभं नाही.

९ मार्च, शनिवार

ताईकडे. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आई फोनवर, स्पीकर चालू.

"एवढं सगळं केलंस," आई म्हणाली, "मी काही बोलले का? आता तोंडाला तरी हात लावू नकोस बाबा — बाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या दारात उभा राहिलास — राहिलीस — तर मला माझं लेकरू ओळखू यायला नको?"

"आई, हाड तासणार आहेत. मेंदू काढून घेणार नाहीत."

"बघ! असं बोलते."

ताईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तिला असं तोडून बोलायची काही गरज होती?"

"प्रश्नच चुकीचा होता."

"शहाणे, आई प्रश्न विचारत नव्हती." उशीचा अभ्रा झटकून म्हणाली, "आणि तुझं ते कपाळ काय जगावेगळं आहे? माझं बघ. लग्नात फोटोवाला म्हणाला होता, ताई, मान जरा खाली घ्या."

मी बघितलं. इतकी वर्षं समोर आहे, कधी बघितलं नव्हतं. तोच उंचवटा. डोळ्यांवर तशीच वळचण. दोन मुलांची आई, शाळेत गणित शिकवते, तिला जन्मात कुणी 'सर' म्हटलेलं नाही.

डोक्यात एक सुंदर कल्पना आली. सुंदर म्हणजे दुष्ट.

१६ मार्च, शनिवार

दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते. ताईला घेऊन गेले. लोखंडाच्या चकचकीत भागावर उजेड परततो, म्हणून स्कॅन करण्याआधी पांढरी भुकटी मारतात. तिच्या चेहऱ्यावर साधी टाल्कम पावडर थापली. 

"पिठात पडलेल्या मांजरासारखी दिसते का मी?"

"हलू नकोस. हसूही नकोस."

"हसवतेस कशाला मग? इथे रोज काय ठेवतेस, या स्टुलावर?"

"पंपाची आवरणं."

"वा! बढतीच झाली माझी."

नाकपुड्यांत पावडर गेली, शिंकली, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा स्कॅन नीट आला. घरी येऊन तिचाच ई-मेल वापरून नवीन पेशंट म्हणून तो स्कॅन त्या क्लिनिकला पाठवला. "कपाळाबद्दल सल्ला हवा आहे," एवढंच. ताई माझ्या खांद्यावरून वाचत होती आणि मुलांसारखी खिदळत होती. म्हणाली, "त्यानं मला काही नको म्हणून सांगितलं तर?"

"तर त्याचं यंत्र चांगलं आहे आणि मी ऑपरेशन करून घेते."

"आणि हवं म्हणाला तर?"

"तर तो गाढव आहे आणि विषय संपला."

२१ मार्च

आला अहवाल! लाल पट्टा. "कपाळाची ठेवण ठळकपणे पुरुषी असून ती सौम्य करणे हितावह." माझ्या अहवालात होता तो परिच्छेद जसाच्या तसा, स्वल्पविरामासकट. खाली समन्वयक बाईचा निरोप: "आपला प्रवास आपण मिळून करू."

दिवसभर इतकी खूश होते की कँटीनमधला चहासुद्धा चहा लागला.

२२ मार्च

वेळ घेऊन क्लिनिकला गेले. दोन्ही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

सर्जननं दुसरा उचलला. "ह्या कोण?"

"माझी सख्खी बहीण. जन्मानं बाई. दोन बाळंतपणं झाली आहेत, हवं तर मुलांना घेऊन येते."

समन्वयक बाईनं "आपण..." म्हणून सुरुवात केली आणि पुढे तिला कुणी सापडलंच नाही. सर्जननं कागद एकदा उलटा केला, पुन्हा सुलटा. मला वाटलं, आता ओशाळेल. तेवढी अक्कल लागते. "हे बघा," तो म्हणाला, "खरं सांगायचं तर त्यांनाही फायदा होईल."

धन्य! 

तारीख रद्द करून बाहेर पडले. सरासरी बाई नावाची बाई अस्तित्वात नाही, आणि तिच्यापेक्षा मी किती जास्त आहे हे सांगणारं यंत्र बायका ओळखत नाही. सिद्ध झालं. कपाळ जागच्या जागी राहील. पास.

२३ मार्च

विषय संपला.

२४ मार्च

संपलाच आहे. मग सकाळी दात घासताना आरशासमोरचा दिवा बंद का केला, ते माहीत नाही. दिवा वरून आहे. सावली पडते. एवढंच.

३० मार्च, शनिवार

ताईकडे. सगळा किस्सा साभिनय सांगायचा म्हणून गेले. सर्जनचा आवाज मला बरा जमतो. "त्यांनाही फायदा होईल" म्हणून दाखवलं.

ती हसली नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर होता, लाल पेन उघडं. बटा कपाळावर ओढून घेतलेल्या — तिचे केस कायम मागे बांधलेले असतात.

"ह्यांना दाखवला मी तो अहवाल," ती म्हणाली. "गंमत म्हणून."

"हसले की नाही दाजी?"

"नाही ना. म्हणाले, काहीतरीच. पण मग जेवताना जरा जास्तच वेळ बघत बसले माझ्याकडे." पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "कालपासून मीही बघतेय."

"ताई, तो माणूस मूर्ख आहे. हेच तर सिद्ध केलं आपण."

"आपण?" ती म्हणाली.

समन्वयक बाईच्या तोंडी हा शब्द मला किती ओंगळ वाटला होता!

"मी सावरेन गं," ताई म्हणाली. "चार दिवस केस ओढून घेईन, मग विसरेन. मला बाई म्हणायला कुणी अडत नाही, म्हणून मला विसरता येईल. तुझं काय?"

"माझं ठरलं. नाही करायचं."

"का?"

"सांगितलं की! त्याची पद्धतच चुकीची —"

तिनं एक उत्तरपत्रिका माझ्यासमोर सरकवली. "हे बघ. याची पहिली ओळ चूक, दुसरी चूक, खाली उत्तर बरोबर. वर्गात दोघं-तिघं असतातच असे. मी रीतीचे गुण कापते. पण रीत चुकली म्हणून उत्तरही चूक, असं मी लिहून दिलं तर मुख्याध्यापिका मलाच घरी बसवतील. उत्तर वेगळं तपासावं लागतं. तू तपासलंस?"

"कशाशी ताडून तपासायचं? सरासरी बाई नाही, हे तर —"

"तू मला मोजलंस, डॉक्टरला मोजलंस. साहेबांना, आईला, सगळ्यांना मोजून बाजूला ठेवलंस. सगळे नापास. छान. त्या सगळ्यात तुला काय हवंय ते एकदा तरी म्हणालीस?"

मी म्हटलं, हा भावनिक युक्तिवाद आहे.

"हो," ती म्हणाली, आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. "चहा ठेव."

चहा ठेवला. दूध उतू घालवलं.

१ एप्रिल

कामावर आज यंत्रात दोष सापडला. स्कॅनरचा एक कॅमेरा कणभर सरकला होता. अशा वेळी काय करायचं हे मला झोपेतून उठवून विचारा: त्या यंत्रावर मोजलेला कुठलाही भाग पास नसतो आणि नापासही नसतो. अडकवून ठेवायचा, पिवळी चिठ्ठी लावायची, दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मोजायचा. शिकाऊ मुलगीसुद्धा चुकत नाही.

मी बावीस तारखेला 'पास' लिहिलं आहे. मागच्या पानावर. माझ्याच अक्षरात.

स्वतःचा एवढा राग बऱ्याच दिवसांत आला नव्हता. खोट्या काट्यानं मला जड म्हटलं, तो खोटा आहे हे मी वाजवून दाखवलं, आणि तेवढ्यावर वजनच नाही असं धरून चालले. का? कारण 'नाही' म्हणणं हुशारीचं दिसत होतं. 'हो' म्हणायला काही पुरावा नव्हता आणि पुराव्याशिवाय काही मागणं माझ्यानं होत नाही. बाकीच्यांना मी गाढव म्हणते ते नेमकं याच गोष्टीसाठी — त्यांना काहीतरी हवं असतं आणि ते उघड दिसतं.

आणि ताईला स्टुलावर बसवून पंपाच्या आवरणासारखं मोजलं. तिला हसू नकोस म्हणाले.

३ एप्रिल

ताईला फोन. माफी मागायची होती. "केस मागे बांधलेस का?" एवढंच विचारता आलं.

"बांधले," ती म्हणाली. "उकडत होतं."

६ एप्रिल

दुसऱ्या रुग्णालयात एक सर्जन बाई आहे. अल्बम नाही, म्हणे. आधी सीटी स्कॅन मागते, हाडाची जाडी बघितल्याशिवाय बोलत नाही. बरी वाटते. म्हणजे अजून भेटले नाही, तोवर बरी.

सीटी काढून आणला. तिला विचारायचे मुद्दे लिहून काढले. दोन्ही बाजू. समतोल.

११ एप्रिल

तिनं स्कॅन बाजूला ठेवला, माझ्या भुवईच्या हाडावर अंगठा दाबून बघितला आणि विचारलं, "काही दोष नाही यात. तरी कशासाठी?"

मुद्द्यांचा कागद पर्समध्ये होता. काढला नाही.

"मला हवंय," म्हणाले. "कारण नाही. नुसतं हवंय."

जूनमधली तारीख मिळाली. भीती वाटते आहे. खूप.