सरळ रस्त्याला एक वळण

मु. बोरनाळ, ता. लोहारा, जि. धाराशिव
चैत्रातली दुपार (उन्हानं तारीख विसरायला लावली आहे)

आदरणीय शांतलिंग दाजी यांस,

गौरीशंकरचा शरणार्थ. इकडं सगळं बेस आहे. तिकडं पुण्यात अकराव्या मजल्यावर तुम्ही, आमची गिरिजा, चिरंजीव दिग्विजय आणि सूनबाई निकिता सुखरूप असाल आणि लिफ्ट चालू असेल, अशी आशा करतो. गिरिजाचे गुडघे कसे आहेत? तुमची साखर काय म्हणते? (ती काहीही म्हणाली तरी तुम्ही ऐकत नसणार, हे मला चौथीपासून ठाऊक आहे.) एका बाकावर बसून आपण एकमेकांच्या खिशातल्या शेंगा खाल्ल्या, अरे-तुरेत वाढलो. पण तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न करून आमच्या घरचे जावई झालात आणि त्या दिवसापासून मला अहो-जाहो करावं लागलं. या पत्रात मान नीट सांभाळीन. मधेच कुठं ‘शांत्या’ आलं तर ते उन्हाचं समजावं.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, इथलं घर अंगणासकट उमरग्याच्या एका भुसार व्यापाऱ्याला द्यायचं ठरलंय, तो तिथं गोदाम बांधणार आहे आणि पुढच्या महिन्यात सही आहे. त्यावर मला काही म्हणायचं नाही. घर तुमचं, सही तुमची. माझ्या दारासमोर कडुलिंबाऐवजी लोखंडी शटर आलं तर मी शटराकडं बघत चहा पिईन. माणसाला सवय होते. मी आपला फक्त आमच्या समितीची हकिकत कळवायला बसलोय.

तर, सरपंच उमादेवींनी गावाचा विकास आराखडा करायला समिती नेमली. त्यात त्या स्वतः, ग्रामसेवक, किराणा दुकानदार ईरण्णा आणि बिनपगारी तज्ज्ञ म्हणून मी. नगररचना खात्यात जन्म घालवलेला माणूस गावात फुकट बसलाय आणि दिवसभर कविता पुटपुटतोय, हे त्यांना बघवलं नसावं. मला हाताची खुर्ची दिली. (बाकीच्यांच्या खुर्च्यांना हात नव्हते. एवढ्या मानावर मी आणखी दहा वर्षं फुकट राबेन.) पहिल्याच बैठकीत ईरण्णा म्हणाला, “सावकार, तुमी एवढी शहरं वसवली, आता आमच्या गटारीचं तेवढं बघा.” मी डोळे मिटले आणि म्हणालो, मी या गावाला एक वळण देणार आहे. उमादेवी म्हणाल्या, “काका, खड्डे हायत, गटार हाय. त्यात वळण कुठं बसवायचं?”

दाजी, तुम्ही तिकडं राहून विसरला असाल म्हणून सांगतो. भूकंपानंतर आपलं गाव इकडं माळावर आलं ते पट्टीनं आखून आलं. त्या घाईत, त्या दुःखात तेच बरोबर होतं, मीही तेच केलं असतं. पण रस्ता असा सरळ की पाहुणा यष्टीतून उतरला की इथून दिसतो, आणि तो दारात पोचेपर्यंत त्याच्यासाठी ठेवलेला चहा उकळून आटतो. कुणी कुणाला अवचित भेटत नाही. ज्याला टाळायचं तोही लांबूनच दिसतो, पण शिरायला बोळ नाही. जुन्या गावात वेशीपासून तुमच्या दारापर्यंत किती वळणं होती! प्रत्येक वळणावर कुणीतरी असायचंच. कुणी दात घासतंय, कुणी भांडतंय, कुणी नुसतंच भिंतीला टेकून बसलंय. महालिंगप्पा गुरुजी कवितेच्या तासाला डोलत डोलत ओळ म्हणायचे आणि अर्ध्यावर थांबून खिडकीबाहेर बघायचे, आठवतं? ओळ तिथं वळायची. आपण सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत श्वास धरायचो. (तुम्ही नाही. तुम्ही तेवढ्यात माझ्या शेंगा संपवायचा.) मला रस्त्यात तसली एक जागा हवी होती.

अर्थात हे सगळं इतिवृत्तात लिहिता येत नाही. मी लिहिलं की सरळ रस्त्यावर मोटरसायकली गोळीसारख्या सुटतात, गिरिजाच्या जिवलग कमलबाईला महादेवाच्या देवळाकडं जायला रस्ता ओलांडायचा तर ती कडेलाच इतका वेळ उभी राहते की तिकडं आरती उरकते. वळण आलं की वेग कमी होईल. हे खोटं नाही. फक्त खाली मी स्वतःच्या चार ओळी जोडल्या:

सरळ वाटेवर पळतो वारा,
वळणावरती थांबे गाव;
दिसण्याआधी कानी येते
येणाऱ्याचे हळूच नाव.

ग्रामसेवकानं त्या दोनदा वाचल्या आणि अदबीनं विचारलं, “सर, यात मुरूम किती आन खडी किती?”

वळण घ्यायचं तर रस्त्याला बाजूला सरकायला जागा हवी. सबंध रस्त्यात कुंपण नसलेलं मोकळं अंगण एकच, ते तुमचं. मधे गिरिजानं लावलेला लिंब. माझ्या नकाशात रस्ता त्या लिंबापाशी येतो, आईच्या कडेवरून बाळ झुकावं तसा झुकतो, झाडाला वळसा घालतो आणि पुन्हा मार्गाला लागतो. झाडाभोवती एक गोल पार. उमादेवी म्हणाल्या, आधी फक्की मारून दाखवा, चुन्याला काय पैसे पडतात? मग संध्याकाळी ईरण्णानं सुतळी धरली आणि मी चुन्याच्या रेघा ओढल्या. लिंबाला मोहोर आला होता. रेघ ओढून मागं बघावं तर पांढऱ्या चुन्यावर पांढरी फुलं पडलेली, रेघ कुठली आणि फूल कुठलं ते कळेना. आयुष्यात इतकं देखणं वळण मी कागदावरही काढलं नव्हतं. त्या समाधानात झोपलो.

सकाळी दार उघडलं तर तुमच्या अंगणात निम्मं गाव. प्रत्येकानं फक्कीच्या आत आपली जागा धरलेली. कुणी बाज टाकली होती, कुणी शेळी बांधली होती, कुणी नुसता दगड ठेवून त्यावर टॉवेल पसरला होता. माणिकप्पानं तर आपल्या वाट्याचं शेणानं सारवून घेतलं होतं. आणि पाराच्या गोलाच्या बरोबर मधे, लिंबाला पाठ लावून, चूल, तवा आणि परात घेऊन कमलबाई. मी म्हणालो, कमलबाई, हे काय? ती म्हणाली, “फक्की पडली न्हाय का? वाटप सुरू झालं ना? त्र्याण्णवला म्या उशिरा आले आन गावाच्या पार शेवटाला गेले. औंदा न्हाय उठायची.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या कुठल्याही गावात फक्की दिसली तर लोक म्हणतील कबड्डी आहे, नाहीतर हेलिकॉप्टर उतरणार आहे. आपल्या गावात फक्की म्हणजे घर. भूकंपानंतर माळावर नुसत्या चुन्याच्या चौकटी आखल्या होत्या, तेव्हा मी नांदेडहून रजा काढून आलो होतो. भिंत नाही, छप्पर नाही आणि गिरिजा त्या चौकटीतली माती झाडत होती. मी सरळ रेघ ओलांडून आत आलो, तर तुम्ही ओरडला होता, “अरे, भिंतीतून काय येतोस? दार तिकडं आहे!” मी मुकाट्यानं बाहेर जाऊन, रेघ तुटलेली होती तिथून आत आलो आणि मग तिनं मला चहा दिला. ते हसू होतं की रडू, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आता पोरांची लग्नं झाली, दोन खोल्यांत तीन चुली झाल्या. मग चुना दिसल्यावर माणसं धावणार नाहीत तर काय करतील?

उमादेवी आल्या, समजावून सांगितलं, हे वाटप नव्हे, रस्त्याचं वळण आहे. कुणी हललं नाही. न जाणो, आपण उठावं आणि वाटप व्हावं! दुपार झाली. भांडणं झाली, माणिकप्पाची शेळी ईरण्णाच्या हद्दीत गेली, त्यावरून दोघांचे आजे-पणजे निघाले. मग भूक लागली. कमलबाईनं भाकरी थापल्या, कुणी शेंगाची चटणी आणली, कुणी कांदा फोडला. ज्यांची भांडणं झाली तेच एकमेकांच्या परातीत हात घालू लागले. ईरण्णा येईल त्याला कानडीत “बर्री, कूडरी”, या, बसा, म्हणत सरकून बसायला जागा देत होता. मोटरसायकली येत, गर्दी बघून हळू होत, आणि दाजी, त्या वळसा घालून जात होत्या! शेजारून ट्रॅक्टरही झुकून गेला. मी खुर्चीवर बसून बघत होतो. डोळा लागला की काय कोण जाणे, पण मला जुनी वेस दिसली, भिंतीला टेकलेली माणसं दिसली, गुरुजी पुढचा शब्द सांगायला वळले...

तेवढ्यात कमलबाईनं खडसावून जागं केलं. “वाटप न्हाय म्हंता, मग गिरिजाच्याच अंगणात फक्की का मारली?” माझ्या तोंडून निघून गेलं, जागा मोकळी आहे म्हणून, अजून महिनाभर तरी. महिनाभर म्हणजे? मग सांगावं लागलं. लिंबाखालची शेळीसुद्धा चघळायची थांबली. कमलबाई म्हणाली, “इकतेत? आन मला इचारलं का?” घर तुझं आहे का, असं कुणीतरी म्हणालं. त्याच्याकडं तिनं बघितलं, तो उठून पाणी प्यायला गेला. ईरण्णा म्हणाला, “सावकार, मालक सोता येऊन उठा म्हनल्याबिगर आमी कुनी उठत न्हाय.” झालं. तेव्हापासून पाळ्या लागल्यात. सकाळी म्हातारे, दुपारी बाया, संध्याकाळी पत्त्यांचा डाव. काल तुमचा व्यापारी मोटार घेऊन जागा बघायला आला. कमलबाईनं त्याला बाजेवर बसवलं, गुळाचा चहा पाजला, सगळी विचारपूस केली आणि शेवटाकडं बोट दाखवून सांगितलं, “उशिरा आलाव. आता तुमची जागा तिकडं, हागणदारीच्या पल्याड.” तो मोटारीत बसून निघाला. वळण मात्र त्यानं नीट घेतलं.

असो. समितीची हकिकत एवढीच. रस्त्यासाठी अंगणाचा कोपरा द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. गटारीचं काम पुढच्या बैठकीत घेतोय. गिरिजाला आशीर्वाद, मुलांना उन्हात हिंडू नका म्हणून सांगा.

तुमचा मेहुणा आणि बिनपगारी तज्ज्ञ,
गौरीशंकर

ता.क. संमतीपत्राचा कोरा नमुना पाठवणार होतो, पण पाठवत नाही. मालकानं पत्नीसह गावात येऊन, जागेवर बसून, ग्रामसभेसमोरच हो किंवा नाही म्हणावं, असा नियम आहे.

ता.ता.क. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. ते कायदे पाठ करण्यात माझे केस गेले, तेव्हा एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. तो मीच परवा सुचवला. उमादेवी हसून म्हणाल्या, “असंल की, असंलच असला नियम.” एकमतानं मंजूर झाला. पत्राच्या सुरुवातीला ‘मला काही म्हणायचं नाही’ असं लिहिलंय, ते वाक्य खोडून वाचावं.

आणखी एक, हे गिरिजाला मोठ्यानं वाचून दाखवा: कमल पाराच्या निम्म्याच गोलात बसते. उरलेल्या निम्म्यात तिनं तुझं जुनं जातं आणून ठेवलंय आणि तिथं कुणाला टेकू देत नाही. शांत्या, तुझ्यासाठी मात्र कुणी जागा धरली नव्हती. तिथं सध्या मी बसतोय. बूड दुखायला लागलंय, लवकर ये.