मोठ्यानं वाचायची खोड

गुरुवार, १५ मे १९३०

खून दूधवाल्यानं केलाच नाही! तिसरी गोष्ट संपवली आणि तिसऱ्यांदा चुकलो.

ह्या गुप्तहेरी गोष्टी वाचताना गोड लागतात. लहानसं गाव, सगळी माणसं भली, रक्त कुठं दिसत नाही. एक विधवा आत्याबाई सुपारी कातरत बसल्या जागी खुनी हुडकते. पण पुस्तक मिटलं की दाराची कडी तपासतो. खुनी दरवेळी ओळखीचाच निघतो. मग मी आमच्या चाळीकडं बघत बसतो.

शेजारची सावित्रम्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "तात्या, त्यो वैद्य हाय बगा." वैद्यच निघाला! तिला कसं कळलं?

बाहेर गोरे सोल्जर फिरतात. सोमवारपासून शहरात मार्शल लॉ. वाचनालय बंद. घरात आहेत तेवढीच पुस्तकं.

शनिवार, १७ मे

नवी कादंबरी धरलीय. कसला प्रकार आहे, देव जाणे! गुप्तहेर आहे, यक्षीण आहे, आगगाडी ढगातनं जाते, मध्येच लग्न लागतं. पत्र्याच्या भिंतीपलीकडं राहणारा येडू गिरणीतनं आला, ऐकून हसला. "तात्या, ही कादंबरी हाय का मंद्रूपचा आठवडी बाजार?"

मला मात्र सोडवेना. त्यात एका माणसाची सावली भर दुपारी उठून त्याची गुपितं सांगत फिरते. त्याला पत्ताच नाही! पाणी प्यायला उठलो तर स्वतःच्याच सावलीला दचकलो.

सोमवार, १९ मे

माझा हिंदुराव दोन दिवस घरी नव्हता. सूनबाई म्हणाली, "मामंजी, ते मंद्रूपला रान नांगराया गेल्यात." आज परतला. पायाला काळ्या मातीचा कण नाही. बोटांना निळी शाई! आणि माझा पोरगा तर अंगठेबहाद्दर.

आत्याबाई असती तर काय म्हणाली असती?

मंगळवार, २० मे

सापडलं. न सापडतं तर बरं होतं.

ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. कागदांचा गठ्ठा. सरकारनं बंदी घातलेली पत्रकं! हिंदुराव ती छापायला मदत करतो आणि वाटतो. धरला तर तुरुंग. एकुलता एक. कुणाला सांगणार — ह्या वहीशिवाय?

बुधवार, २१ मे

येडू म्हणाला, "तात्या, तुमची गोष्ट लई रंगात आलीय की." काय म्हणायचं होतं त्याला?

गुरुवार, २२ मे

पोलीस आले. पेटी उघडली नाही, अंथरूण झटकलं नाही. सरळ कणगीकडं! गठ्ठा काढला. हिंदुराव बाहेर होता. एक शिपाई दारात ठेवलाय, पोरगा परत यायची वाट बघत.

सावित्रम्माच्या अंगावर धावून गेलो. "तूच सांगितलंस!"

ती हलली नाही. "मी न्हाय, तात्या. तुमीच सांगितलं."

"मी?"

"लिवताना तुमी बोलता की! हात एक अक्षर, तोंड एक अक्षर. परवा कणगी, पत्रकं, समदं ऐकलं मी. म्हणून तर तुमचा आवाज दडपाया माग जोरात चालवला, खटाखट. पर येडू भिंतीला कान लावून बसला हुता."

येडूच्या दाराला सकाळपासून कुलूप.

माझी शाळा तिसरीपर्यंत. गुरुजी छडी उगारून ओरडायचे — मोठ्यानं! ओठ हलवल्याशिवाय मला ना वाचता येतं, ना लिहिता. साठी उलटली तरी कुणी बोललं नाही. सगळ्यांना वाटायचं, मला ठाऊक आहे.

म्हणजे माझ्या पोराला मीच धरून दिलं.

हे लिहिताना तोंडात धोतराचा सोगा कोंबलाय.

शुक्रवार, २३ मे

सावित्रम्मानं कापड पोचवायच्या निमित्तानं जाऊन हिंदुरावाला वाटेतच गाठलं. तो कुर्डुवाडीच्या आगगाडीत बसून निसटला. दारातल्या शिपायाला मी सांगून टाकलं — गठ्ठा माझा, पोराला काही माहीत नाही. त्याला पटलं. अंगरखा घालून निघ म्हणाला. पण ह्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. सूनबाईनं चूल पेटवलीय, वहीसाठी हात पुढं केलाय.